ऐरणीचा हिशेब

गावातील जुनी लोहारसाळ बंद पडते. भाता थंडावतो, ऐरणीवर गंज चढतो, छपराची कौले सरकू लागतात. आणि मग एखादे दिवशी कोणी सुशिक्षित गृहस्थ सुचवितात की, ही जागा पाडून दुकानाचे गाळे काढण्यापेक्षा येथे गावाचे वस्तुसंग्रहालय करावे. घण, हातोडे, सांडशी, छिन्न्या नीट मांडून ठेवाव्यात, भिंतीवर माहितीचे फलक लावावेत, शाळेच्या मुलांना दाखवावे. ही सूचना ऐकून आपणांपैकी बहुतेकांना आनंदच वाटेल, आणि तो वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या देशात पाडणारे हात पुष्कळ व जपणारे थोडे.

परंतु प्रिय वाचकहो, जे चांगले दिसते त्याचीही पारख करून मगच ते धरावे, असा बोध पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला केला आहे. म्हणून या आनंदाच्या पलीकडे जाऊन एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या माणसाला त्याच्या हयातीत आपण गावाच्या कडेला बसविले, ज्याच्या श्रमाचे मोल पुरतेपणी दिले नाही, त्याची हत्यारे त्याच्या पश्चात काचेत मांडण्याचा नैतिक अधिकार आपणांस आहे काय? आणि असेल, तर तो कोणत्या अटीवर?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण महाराष्ट्राच्या बाहेर, पण मराठी इतिहासाला परक्या नसलेल्या एका मुलखात जाऊ या. तंजावर जिल्ह्यात, तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पापनाशम नावाचे गाव आहे. भोवती कावेरीच्या फाट्यांनी भिजलेली भातशेती पसरली आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या राज्यात होता. पापनाशमला लागून असलेल्या तिरुपालैतुरै येथील देवळाच्या आवारात विटांनी बांधलेले एक प्रचंड धान्याचे कोठार उभे आहे. भोसल्यांच्याही आधीचे, म्हणजे नायक राजांच्या काळातले, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले हे बांधकाम आहे. त्याची उंची सुमारे ३६ फूट असून त्यात ३००० कलम भात मावत असे, असे सांगतात. कलम हे त्या प्रांतातील धान्याचे जुने माप होय. तामिळनाडू शासनाच्या पुरातत्त्व खात्याने हे कोठार संरक्षित स्मारक म्हणून घोषित केले आहे.

तेथून पंचवीसेक किलोमीटरवर, खुद्द तंजावरच्या किल्ल्याच्या पूर्वेकडील बुरुजावर, त्याच नायक काळातील दुसरी एक वस्तू जपलेली आहे. ती म्हणजे राजगोपाल नावाची तोफ. ही तोफ ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या व जाड कडी भट्टीत लाल करून, घणाखाली ठोकून, एकमेकींत सांधून ती घडविली आहे. लांबी सात मीटरांहून अधिक आणि वजन वीस टनांच्या वर. एवढ्या मोठ्या वस्तूचे सांधे घणाच्या ठोक्याने जुळवणे हे आजच्या धातुशास्त्रज्ञांनाही अभ्यासाचा विषय वाटले आहे.

आता या दोन स्मारकांकडे एकत्र पाहा. एकीकडे कोठार, दुसरीकडे तोफ. दोहोंच्या मागे एकच माणूस उभा आहे, तो म्हणजे लोहार. ज्या विळ्यांनी ते भात कापले गेले ते विळे त्याने घडविले. ज्या फाळांनी ती जमीन नांगरली गेली ते फाळ त्याने शेवटून दिले. आणि ज्या तोफेने त्या पिकाचे व त्या राज्याचे रक्षण करावयाचे तीही त्याच्याच जातभाईंच्या घणांतून निघाली. यशया व मीखा या दोघा संदेष्ट्यांनी तलवारींचे फाळ होतील असा जो दिवस पाहिला, त्या दिवसाचे काम शेवटी लोहारसाळेतच व्हावयाचे आहे, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही. तंजावरात कोठार राहिले, तोफ राहिली, तोफेला नावही राहिले. ती घडविणाऱ्याचे नाव मात्र तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्या ओठी नाही, आणि त्याची साळ कोठे होती हे कोणी दाखवीत नाही.

याला एक साधे कारण आहे. राजाची वस्तू टिकावी म्हणून बांधलेली असते आणि लोहाराची वस्तू झिजावी म्हणून घडविलेली असते. फाळ मातीत झिजतो, विळा दगडावर घासून घासून पात्यासह संपतो, गाडीच्या चाकाची धाव रस्त्यावर संपते. लोहाराचे उत्तम काम ते, जे वापरून वापरून नाहीसे झाले. म्हणून त्याचे स्मारक आपोआप उरत नाही. कोणी तरी ते मुद्दाम उरवावे लागते. लोहारसाळेचे संग्रहालय करावे या सूचनेच्या बाजूने हा पहिला व बळकट युक्तिवाद आहे. इतिहास जर राजांनीच राखला, तर तो अर्धाच राहतो.

पवित्र शास्त्र मात्र लोहाराला विसरलेले नाही. तुबल-काइनापासून त्याची गोष्ट सुरू होते. यरुशलेम पडल्यावर नबुखद्नेस्सराने राजाला व सरदारांना नेले, तसे कारागीर व लोहार यांनाही वेचून बाबेलास नेले, असे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात नमूद आहे. कारण लोहार नेला म्हणजे गावाचे हातच तोडून नेल्यासारखे होते, हे त्या विजेत्याला कळत होते. यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायात परमेश्वर सांगतो की, विस्तवावर फुंकर घालणारा लोहार त्यानेच उत्पन्न केला आहे. आणि नव्या करारात आपल्या प्रभूला ज्या ग्रीक शब्दाने ओळखले आहे तो ‘तेक्तोन’ हा शब्द मराठीत आपण ‘सुतार’ असा घेतो. ते योग्यच आहे. तथापि जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, १ शमुवेल १३:१९ या वचनात, लोहार या अर्थी ‘लोखंडाचा तेक्तोन’ असेच शब्द योजले आहेत. म्हणजे हातांनी घडविणारा, मग ते लाकूड असो वा लोखंड, त्याला एकच नाव. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याने येशू नांगर व जू तयार करीत असे, ही परंपरा नोंदविली आहे. नांगराचे लाकूड सुताराचे व फाळ लोहाराचा. या दोन साळा कोणत्याही गावात एकमेकींपासून फार दूर नसतात. नासरेथातही नसाव्यात.

शमुवेलाच्या त्याच अध्यायात एक लहानशी गोष्ट आहे, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे. शौलाच्या काळी पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहारच राहू दिला नव्हता. इब्र्यांनी तलवारी किंवा भाले करू नयेत हा हेतू. परिणामी प्रत्येक शेतकऱ्याला आपला फाळ, कुदळ, कुऱ्हाड घेऊन पलिष्ट्यांच्या गावी धार लावण्यास जावे लागे. या ठिकाणी मूळ इब्री मजकुरात ‘पीम’ असा एक शब्द येतो. तो सबंध जुन्या करारात या एकाच ठिकाणी आढळतो. शतकानुशतके भाषांतरकारांना त्याचा अर्थ लागेना. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने तेथे ‘कानस’ असा अर्थ घेतला, आणि वाचकांची समजूत झाली की, लोहार नसला तरी निदान कानस त्यांच्यापाशी होती.

पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅलेस्टाईनमध्ये झालेल्या उत्खननांत लहान लहान दगडी वजने सापडू लागली. बोटाच्या पेरावर मावेल एवढा दगड, आणि त्यावर जुन्या इब्री लिपीत ‘पीम’ ही अक्षरे कोरलेली. भार साधारण साडेसात-पावणेआठ ग्रॅम, म्हणजे शेकेलाच्या सुमारे दोन-तृतीयांश. अर्थ उलगडला. पीम ही कानस नव्हतीच, ती धार लावण्याची किंमत होती! त्या एका शब्दात शास्त्राने शेतकऱ्याची सोय नव्हे, त्याची नाडवणूक नोंदवून ठेवली होती. फाळाला धार लावण्यासाठी त्याला शेकेलाचे दोन-तृतीयांश रुपे तोलून द्यावे लागत होते.

वाचकहो, या गोष्टीचे मर्म लक्षात घ्या. ते दगड कोणी कचऱ्यात टाकले असते, तर एका दरिद्री शेतकऱ्याचे गाऱ्हाणे आपल्यासाठी मुकेच राहिले असते. ते जपले गेले, म्हणून शास्त्रातील एक शब्द बोलू लागला. जुनी वस्तू जपण्याचे याहून मोठे समर्थन मला ठाऊक नाही. परंतु त्यातच एक अटही दडलेली आहे. तेथे बोलली ती ऐरण नव्हे. बोलला तो हिशेब. कोणी किती दिले, कोणी किती घेतले, आणि कोणापाशी द्यावयास काही नव्हते, हे ज्या वस्तूने सांगितले ती खरी साक्षी ठरली. लोहारसाळेचे संग्रहालय करावयाचे तर ऐरणीबरोबर तिचा हिशेबही जपला पाहिजे. नाही तर आपण लोखंड ठेवले आणि साक्ष फेकून दिली, असे होईल.

जतन करणे ही काही आधुनिक कल्पना नाही. पवित्र शास्त्रातही काही वस्तू मुद्दाम जपलेल्या दिसतात, आणि त्यांतून तीन निरनिराळे धडे मिळतात.

पहिली वस्तू मान्न्याची. पुढील पिढ्यांनी पाहावे म्हणून एका पात्रात मान्ना भरून ठेवण्याची आज्ञा निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. किती ठेवावा? एक ओमर. ओमर म्हणजे एका माणसाचा एका दिवसाचा वाटा. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याला जास्त झाले नाही आणि ज्याने थोडे केले त्याला कमी पडले नाही, त्या न्यायाचे ते माप होते. आता पापनाशमचे कोठार आठवा. त्याविषयी आपण आवर्जून सांगतो ती गोष्ट कोणती? त्यात ३००० कलम मावत असे, ही. माणसाचे स्मारक किती साठले ते सांगते. परमेश्वराचे स्मारक एकेका माणसाच्या वाट्याला किती आले ते सांगते. एवढा फरक पुरेसा बोलका आहे.

दुसरी वस्तू कोरहाच्या साथीदारांच्या धूपपात्रांची. मोशेविरुद्ध उठलेल्या त्या दोनशे पन्नास माणसांचा नाश झाल्यावर त्यांची पितळी धूपपात्रे टाकून न देता, ठोकून त्यांचे पत्रे करावे आणि ते वेदीला मढवावेत, अशी आज्ञा झाली. इस्राएलाला ती आठवण राहावी हा उद्देश. हे काम अर्थातच हातोड्याचे होते. गौरवाचेच नव्हे तर लाजेचेही स्मरण ठेवावे लागते, आणि तेही उपासनेच्या जागी, हा या कथेचा बोध आहे.

तिसरी वस्तू पितळी सर्पाची. अरण्यात ज्याच्याकडे पाहून लोक वाचले तो सर्प शतकानुशतके जपून ठेवला गेला, आणि शेवटी लोक त्यापुढे धूप जाळू लागले. हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. त्या वस्तूचा काही दोष नव्हता. ती मोशेने परमेश्वराच्या आज्ञेने केली होती. पण ज्या क्षणी ती परमेश्वराच्या करुणेकडे बोट दाखविण्याऐवजी स्वतःकडेच नजर खिळवू लागली, त्या क्षणी ती नहुश्तान झाली, म्हणजे केवळ पितळेचा तुकडा. जे जपले ते सर्वकाळ जपलेच पाहिजे, असा धर्म शास्त्र शिकवीत नाही.

या तीन वस्तू समोर ठेवल्या म्हणजे संग्रहालयाला विचारावयाचे प्रश्न सहज हाती येतात. येथे प्रत्येकाचा वाटा दिसतो काय? येथे लाजेची गोष्ट सांगितली जाते काय? आणि येथे येणारा माणूस वस्तूच पाहून परततो, की त्या वस्तूपलीकडच्या माणसाकडे त्याची दृष्टी वळते?

या कसोटीवर आपण आपल्या गावगाड्याचा विचार करू. महाराष्ट्रात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर त्याने गावाची औते दुरुस्त करावयाची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचे बलुते घ्यावयाचे. तंजावरच्या मुलखातही गावकामगारांना खळ्यावरील राशीतून हिस्सा मिळण्याची रीत होती. म्हणजे कोठार आणि साळ या एकाच व्यवहाराच्या दोन टोकांच्या वस्तू आहेत. या व्यवस्थेविषयी आपल्याकडे दोन प्रकारांनी लिहिले जाते. एक प्रकार असा की, ती परस्पर प्रेमाने चाललेली सुंदर घडी होती आणि यंत्रांनी ती विस्कटली. यंत्रांनी पुष्कळ बदल घडविला हे खरे. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांस वाटली होती. पुढे कारखान्यातील नांगर, रबरी चाके, ट्रॅक्टर आले आणि साळेची भट्टी हळूहळू विझली. पण जुनी घडी सर्वांना सारखीच सुंदर होती काय? खळ्यावर कोणी उजळ माथ्याने उभे राहावयाचे आणि कोणी दूर उभे राहून ओंजळ पसरावयाची, हे जातीने ठरलेले होते. तुमच्या-माझ्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबांच्या वाडवडिलांना ते दूरचे उभे राहणे ठाऊक होते. त्यांच्यापुढे बलुत्याची गोडवी गाणे निष्ठुरपणाचे होईल.

आणि तंजावरचे भात तर रक्तानेही भिजलेले आहे. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेणमणी या खेड्यात, भाताच्या मजुरीत थोडी वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि जीव वाचविण्यासाठी एका झोपडीत शिरलेली ४४ माणसे जाळून मारली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले. जगभर ज्या रात्री गव्हाणीतील बाळाची गीते गायली जात होती त्याच रात्री हे घडले. ते खेडे आज नागपट्टिनम जिल्ह्यात आहे. या मुलखातील कोणतेही कोठार पाहताना, मग ते कितीही प्राचीन असो, ख्रिस्ती माणसाला केवळ बांधकामाची उंची मोजून परत फिरता येणार नाही. पापनाशम या नावाचा अर्थ पापाचा नाश असा आहे. पापाचा नाश विसरण्याने होत नाही. तो कबुलीने व क्षमेने होतो, आणि कबुलीला आठवण लागते.

प्रभूने शास्त्री व परूशी यांना केलेल्या कठोर निषेधांपैकी एक नेमका याच विषयावर आहे. तुम्ही संदेष्ट्यांच्या कबरी बांधता आणि नीतिमानांची थडगी शृंगारता, परंतु त्यांना मारणाऱ्या पूर्वजांचेच तुम्ही पुत्र आहात, असा त्या बोलण्याचा रोख आहे. मेलेल्याचा सन्मान स्वस्त असतो. तो काही मागत नाही. जिवंत माणूस मात्र मजुरी मागतो, जागा मागतो, मुलाला शाळेत बसू द्या म्हणतो. म्हणून जिवंतांची टाळाटाळ करून मेलेल्यांना हार घालण्याकडे मनुष्याचा कल असतो. लोहारसाळेच्या संग्रहालयाला जर कोठे खरा धोका असेल तर तो येथे आहे.

उदाहरण फार दूर शोधावयास नको. आपल्या महाराष्ट्रात घिसाडी समाज आहे. शासनाने त्याची गणना भटक्या जमातींत केली आहे. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून, जमिनीत लहानशी भट्टी पेटवून ही मंडळी विळे-कोयते, खुरपी, कुऱ्हाडी घडवितात. पुरुष सांडशीने तापले लोखंड धरतो आणि त्याची पत्नी दोन्ही हातांनी घण उचलून घाव घालते. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. आता कल्पना करा: नगरातील एका जुन्या लोहारसाळेचे संग्रहालय झाले आहे, तिकीट काढून लोक ऐरण पाहत आहेत, आणि त्याच इमारतीसमोरून अतिक्रमण म्हणून घिसाड्याचे पाल उठविले जात आहे. अशा संग्रहालयाला काय म्हणावे? ते शृंगारलेले थडगे होय.

याच्या उलट, केवळ करमणूक होऊन बसलेली साळही असते. स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना ग्रीन येथे एक जगप्रसिद्ध लोहारसाळ आहे. इंग्लंडात विवाहाचा कायदा १७५४ पासून कडक झाल्यावर तेथून पळून आलेली जोडपी या गावी येऊन, साक्षीदारांपुढे, ऐरणीपाशी विवाहबद्ध होत. आज ती साळ पाहावयास देशोदेशींचे लोक जातात. पण ते लग्नांच्या गोष्टी ऐकावयास जातात. तेथल्या लोहाराने कोणाचे फाळ शेवटून दिले, हे कोणी विचारीत नाही. साळ राहिली, लोहार हरवला.

तथापि धोका आहे म्हणून काम सोडावे असे मी म्हणणार नाही. चांगली उदाहरणेही आहेत. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, कुलुपे, भांडी अशा नित्याच्या वस्तू गोळा करण्यास आरंभ केला. आपल्या अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. गोव्यात बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी लोकांनी टाकून दिलेली शेतीची व कारागिरांची हत्यारे जमवून ‘गोवा चित्र’ उभे केले आहे. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे १९९६ साली ‘दक्षिणचित्र’ सुरू झाले. दक्षिणेतील जुनी घरे तेथे जशीच्या तशी पुन्हा उभारली आहेत, आणि मुख्य म्हणजे जिवंत कारागीर येऊन तेथे आपले काम करून दाखवितात व आपला माल विकतात. अमेरिकेत व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे अठराव्या शतकातील लोहारसाळ पुन्हा बांधली असून तिच्यात भाता आजही चालतो. जेथे विस्तव पेटता आहे तेथे स्मरण थडग्यासारखे वाटत नाही.

तर मग लोकांचे म्हणावे असे संग्रहालय कोणत्या अटींवर करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सांगतो.

पहिली: किल्ली कोणाकडे राहील ते आधी ठरवावे. ज्या कुटुंबाची ती साळ, त्यांची केवळ संमती घेऊन भागणार नाही. त्यांच्यापैकी कोणी तरी त्या संस्थेत निर्णय घेणाऱ्यांत असावे. जागेचे व वस्तूंचे योग्य मोल द्यावे. जुने सामान म्हणून भंगाराच्या भावाने ऐरण उचलणे म्हणजे पलिष्ट्यांचा पीम पुन्हा वसूल करणेच होय.

दुसरी: नावे लिहावीत. या साळेत भाता कोणी ओढला, घण कोणी मारला, यांत बायकांचे व मुलांचे कष्ट किती, हे गावातील वृद्धांना विचारून नोंदवावे. शास्त्राने निवासमंडपाच्या कारागिरांची नावे, बसालेल व अहलियाब, राखून ठेवली आहेत; आपण त्याहून थोर नाही.

तिसरी: हिशेब मांडावा. बलुत्यात काय मिळे, दुष्काळात काय मिळेनासे झाले, कोणाला साळेत येऊ दिले जाई आणि कोणाची विळी दुरूनच टाकून घेतली जाई, तेही लिहावे. हे वाचून काहींना अवघड वाटेल. वाटू द्यावे. कोरहाच्या धूपपात्रांचे पत्रेही काही डोळ्यांना सुख देण्यासाठी वेदीवर बसविले नव्हते.

चौथी: विस्तव विझू देऊ नये. आठवड्यातून एक दिवस तरी भट्टी पेटावी. जो अजूनही हे काम करून पोट भरतो त्याला तेथे सावली, पाणी व गिऱ्हाईक मिळावे. ज्या संग्रहालयात लोहाराला काम मिळत नाही, तेथे ऐरण ठेवण्याचा हक्कही कमी पडतो.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती मासिकात हा विषय कशासाठी? मंडळीचे काम आत्म्यांचे, ऐरणींचे नव्हे. याला मी एकच उत्तर देईन. आपल्या हातातील मराठी शास्त्रग्रंथावरही एका लोहाराचे ऋण आहे. बंगालीत कर्मकार म्हणजे लोहार. पंचानन कर्मकार या कारागिराने चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली अक्षरांचे ठसे कोरले, आणि त्या अक्षरांत हालहेडचे बंगाली व्याकरण १७७८ साली छापले गेले. पुढे तो श्रीरामपुरास विल्यम केरीच्या छापखान्यात आला. तेथे देवनागरीचे ठसे कोरण्याचे काम त्याने आरंभिले आणि त्याचा जावई मनोहर याने ते पुढे नेले. त्याच छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत बाहेर पडले आणि १८११ साली मराठी नवा करार निघाला. तंजावरातही सरफोजी राजाने, ज्याला ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याने पुत्रवत वाढविले, त्याच सुमारास देवनागरी छापखाना चालविला होता. केरी व सरफोजी यांची नावे आपण घेतो. पंचाननाचे नाव आपल्या किती उपदेशांत येते? छापखान्यातील अक्षरांना मराठीत आपण ‘खिळे’ म्हणत आलो. लोहाराच्या पोलादी ठशांवाचून ते खिळे झाले नसते, आणि त्या खिळ्यांवाचून ते वचन आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाती आले नसते. कालवरीवरील खिळेही कोण्या लोहारानेच घडविले होते, हेही त्याच श्वासात आठवावे. म्हणजे लोखंडाची केवळ स्तुती करण्याचा मोह होणार नाही.

यार्देन उतरल्यावर यहोशवाने गिलगालात बारा धोंडे उभे केले, ते मुलांनी विचारावे म्हणून. धोंडे स्वतः काही बोलत नाहीत; बापाने उत्तर द्यावयाचे असते, आणि ते खरे द्यावयाचे असते. तुमच्या गावी, तुमच्या जुन्या मिशन कंपाउंडात, बंद पडलेल्या एखाद्या कार्यशाळेत अशी ऐरण पडलेली असेल. ती उचलून ठेवा. परंतु तिच्याभोवती दोरी बांधण्याआधी, तिच्यावर ज्याचे हात झिजले त्याच्या नातवाच्या घरी जा, त्याच्या ओट्यावर बसा आणि आपल्याकडे त्याचे काय देणे राहिले आहे ते विचारा. ते देणे फेडण्यास आरंभ झाला की मग फलक लावावा. त्यावर काय लिहावे हे तेव्हा कोणाला विचारावे लागणार नाही.